सामाईक पिक्सेल

शेजारच्या भाऊसाहेबांचा छज्जा आमच्या हद्दीत नऊ इंच आलेला आहे, असं माझं गेल्या अकरा वर्षांपासूनचं मत आहे. भाऊसाहेबांच्या मते छज्जा आहे तिथेच आहे, आमची भिंत मागे गेली. भिंत मागे जात नसते, हे मी त्यांना मराठीत सांगितलं, हिंदीत सांगितलं आणि एकदा रागाच्या भरात इंग्रजीतही सांगितलं. उपयोग शून्य. इंदूरच्या सुदामा नगरातली आमची दोन्ही घरं वीस बाय पन्नासच्या प्लॉटवरची. मध्ये एकच भिंत आणि त्या भिंतीवरून कढीपत्ता, विरजण आणि पेपर यांची रोजची ये-जा. त्यामुळे प्रकरण कोर्टात न्यावं इतकं वैर नाही आणि सोडून द्यावं इतकं माझं मन मोठं नाही.

अशा वेळी माणूस वरच्याकडे दाद मागतो. मी उपग्रहाकडे मागितली.

झालं असं, की रंगपंचमीला गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघायच्या निमित्तानं भाची आली. ती देहरादूनला सुदूर संवेदन शिकलेली. म्हणजे वस्तूला हात न लावता, लांबून, तिच्याबद्दल सगळं जाणून घ्यायचं शास्त्र. हे आमच्या गल्लीत पुष्कळांना न शिकता येतं, पण त्याची पदवी नसते. मी तिला म्हटलं, "बाळा, तो उपग्रहाचा नकाशा असतो ना, त्यात आपलं घर दाखव. शेजारचंही. जरा जवळून."

"कशासाठी, मामा?"

"सहज."

"छज्जा बघायचाय त्यांना," सौभाग्यवतींचा आवाज स्वयंपाकघरातून आला. सुदूर संवेदन.

भाचीनं लॅपटॉप उघडला आणि 'कोपर्निकस ब्राउझर' नावाचं युरोपीय दुकान लावलं. दुकान म्हणायचं ते इतक्यासाठी, की माल खच्चून भरलेला आहे. पैसे मात्र घेत नाहीत. उजवीकडे नकाशा, डावीकडे कोणता उपग्रह, कोणती तारीख, किती ढग चालतील, असे प्रश्न. मी म्हटलं, "आजचं दाखव. आत्ताचं." कारण आत्ता भाऊसाहेब छज्ज्यावर उभे राहून मोटारीचा पाइप बांधत होते. रंगेहाथ सापडले असते.

"आत्ताचं नसतं, मामा. तो काय सीसीटीव्ही आहे का?"

हा पहिला धक्का. 'सेंटिनेल-२' जातीचे उपग्रह जमिनीपासून ७८६ किलोमीटरवरून ध्रुवाकडून ध्रुवाकडे फिरतात. एका फेरीत २९० किलोमीटर रुंदीचा पट्टा टिपतात आणि दोघे मिळून पाच दिवसांनी पुन्हा त्याच जागी येतात. त्यांची कक्षा अशी बेतलेली आहे, की प्रत्येक गावावर ते ठरावीक सूर्यवेळेलाच पोचतात. म्हणजे दर वेळी सावल्या साधारण सारख्या पडतात आणि कालच्या चित्राची आजच्याशी तुलना करता येते. इंदूरवर त्यांची वेळ सकाळी अकराच्या सुमारास. म्हणजे पोहे होऊन गेलेले असतात आणि जेवणाला अवकाश असतो. दूधवाला रोज येतो, पेपरवाला रोज येतो, हा पाच दिवसांनी येतो आणि ढग असले तर निमूटपणे ढगांचा फोटो काढून जातो.

"ठीक आहे, मागच्या वेळचं दाखव," मी म्हटलं. भाचीनं चाक फिरवलं. मध्य प्रदेश मोठा झाला, इंदूर मोठं झालं, राजवाडा, मग सिरपूरचा तलाव, मग आमचा भाग, आणि मग चित्र फाटल्यासारखं होऊन नुसते करडे, भुरकट चौकोन उरले. जणू कुणी आमच्या कॉलनीवर लादी बसवली होती.

"हे काय?"

"हे पिक्सेल. एक चौकोन म्हणजे दहा मीटर बाय दहा मीटर. हा आपला."

मी चष्मा पुसला. अकरा वर्षं जपलेलं माझं घर, त्यातलं देवघर, सागवानी दरवाजा, गच्चीवरची टाकी, कुंड्या, सगळं मिळून एक भुरकट ठिपका. त्या शंभर चौरस मीटरमधून जो काही उजेड वर गेला, त्याची सरासरी. मी कागद-पेन्सिल घेतली. दहा मीटर म्हणजे नऊ इंचांचे चव्वेचाळीस छज्जे. भाऊसाहेबांनी अजून त्रेचाळीस वेळा अतिक्रमण केलं असतं तरी वरच्याला पत्ता लागला नसता.

आणि पुढचा हिशेब त्याहून वाईट निघाला. आमच्या प्लॉटची रुंदी वीस फूट, म्हणजे सहा मीटर. पिक्सेल दहाचा. उरलेले चार मीटर कुणाचे? भाऊसाहेबांचे. ज्या माणसाच्या नऊ इंचांवरून माझी झोप गेली, तो चार मीटर माझ्या पिक्सेलात येऊन बसला होता, आणि तेही कायदेशीर! माळव्यात या प्रकाराला जुना दाखला आहे. देवास गावात पवारांच्या दोन पात्या, थोरली आणि धाकटी, एकाच गावात दोन राज्यं करून राहत होत्या. आमचा पिक्सेल म्हणजे तसंच देवास संस्थान. थोरली पाती आमची, साठ टक्के.

"पण मोबाइलच्या नकाशात तर घर स्वच्छ दिसतं," मी शेवटचा हात मारून पाहिला. तिनं तोही नकाशा काढला. दिसत होतं खरं. गच्ची दिसत होती, गच्चीवर काळी टाकीही दिसत होती. फक्त ती टाकी आम्ही केव्हाच भंगारात काढली होती. तिनं समजावलं, की असली बारीक चित्रं बहुतेक विकतची असतात. वेगवेगळ्या दिवसांची ठिगळं जोडून ती एकसंध गोधडी शिवलेली असते. सुंदर, पण कधीची ते विचारायचं नाही. इकडे चित्र जाडंभरडं, पण प्रत्येकावर तारीख आहे, आणि तारखा २०१५ पासूनच्या. त्या वर्षीच्या जूनमध्ये जोडीतला पहिला उपग्रह वर गेला, दुसरा २०१७ च्या मार्चमध्ये.

"म्हणजे एकीकडे चेहरा आहे पण तारीख नाही, दुसरीकडे तारीख आहे पण चेहरा नाही," मी म्हटलं.

"बरोबर," भाची म्हणाली. मी टोमणा मारला होता, तिनं व्याख्या म्हणून घेतला.

मग ढगांची पट्टी. सरकवून सांगायचं, इतक्या टक्क्यांहून जास्त ढग असलेली चित्रं मला दाखवू नका. मी वीस टक्क्यांवर ठेवली. समंजस माणूस वीस टक्के ढग सहन करतो. पहिलंच चित्र उघडलं तर आमचा भाग कापसाखाली गाडलेला. मी तक्रार केली. तेव्हा कळलं, की हा टक्का आपल्या घराचा नसतो, अख्ख्या टाइलचा असतो. सगळ्या पृथ्वीचे सुमारे एकशे दहा किलोमीटरचे चौकोन पाडलेले आहेत आणि आमच्या चौकोनाचं नाव '४३ क्यू ई एफ'. त्यात इंदूर, उज्जैन आणि रतलाम एका ताटात वाढलेले. होळकरांचं कुठे संपलं, शिंद्यांचं कुठे सुरू झालं आणि रतलामच्या राठोडांचं काय, याच्याशी उपग्रहाला कर्तव्य नाही. त्यामुळे रतलामला लख्ख ऊन असेल, उज्जैनलाही असेल, आणि चौकोनाच्या नशिबी आलेले सगळेच्या सगळे वीस टक्के ढग सुदामा नगरावर येऊन बसू शकतात. बसतातच.

"आपली गेर दिसेल का गं यात?" सौभाग्यवती हात पुसत बाहेर आल्या होत्या. भाचीनं हा प्रश्न गांभीर्यानं घेतला. रंगपंचमीच्याच दिवशी उपग्रहाची पाळी यायला हवी, राजवाड्यापुढच्या गर्दीत त्याच मिनिटाला गुलाल उडायला हवा आणि तो निदान दोन-चार पिक्सेल तरी पसरायला हवा. "आणि हे सगळं जमलं तरी," ती म्हणाली, "संगणक त्याला ढग समजण्याची शक्यता आहे."

आता रंगांचं प्रकरण. भाचीनं एक बटण दाबलं आणि रीजनल पार्क, तलावाकाठची झाडी, सगळं लालभडक झालं. सौभाग्यवती म्हणाल्या, "बिघडलं वाटतं." बिघडलं नव्हतं. पण हे मला ज्या रीतीनं समजलं त्या रीतीनं सांगतो, कारण भाचीची रीत मला समजली नव्हती.

इंदूरच्या पोह्याच्या ठेल्यावर उभे राहा. कढईत पोहे, आणि समोर डबे: सेव, जिरावण, कांदा, बडीशेप, डाळिंबाचे दाणे. ठेलेवाला प्लेट आधीपासून बनवून ठेवत नाही. तुम्ही म्हणाल तसं त्याच क्षणी कालवतो. हा उपग्रह असे तेरा डबे घेऊन फिरतो. निळा, हिरवा आणि लाल हे आपल्या डोळ्यांच्या ओळखीचे. बाकीचे बहुतेक डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचे. त्यातले चारच डबे दहा मीटरच्या बारीक चाळणीचे आहेत, सहा वीस मीटरचे आणि तीन साठ मीटरचे. पडद्याला मात्र तीनच रंग माहीत: लाल, हिरवा, निळा. तेव्हा तेरांतले कोणतेही तीन डबे उचलून या तीन जागी ओतायचे. लालच्या जागी लाल, हिरव्याच्या जागी हिरवा टाकला, तर जग आपल्याला दिसतं तसं दिसतं. लालच्या जागी 'जवळचा अवरक्त' टाकला तर झाडं लाल होतात, कारण पान लाल प्रकाश खातं आणि हा अवरक्त प्रकाश भराभर परत फेकतं. आपल्याला तो दिसत नाही म्हणून आपण झाडाला हिरवं म्हणतो. झाडाचं त्यावर काय मत असेल ते असो.

आणि ठेल्याचीच गोष्ट पुढे चालू. मला वाटत होतं, एवढं सगळं भाचीच्या लॅपटॉपात असणार. तसं नसतं. एका टाइलचं एका दिवसाचं सामान जवळजवळ एक जीबीपर्यंत जातं. पोहे खायला गेल्यावर आपण कढई उचलून घरी आणत नाही. आपल्या ब्राउझरमधलं पान फक्त निरोप धाडतं: अमुक जागा, अमुक तारीख, हे तीन डबे, पडद्याएवढं. पलीकडचा संगणक भल्यामोठ्या साठ्यातून तेवढाच तुकडा काढतो, कालवतो आणि प्लेट पाठवतो. लांबून बघायचं असेल तर त्यासाठी लहान केलेल्या प्रती आधीच तयार असतात, म्हणून अख्खा माळवा क्षणात उघडतो. कुणाला हौस असेल तर स्वतःची कृती लिहून द्यायची सोय आहे. हा डबा त्यातून वजा कर, त्याला याने भाग, असं. शिवाय प्रत्येक चित्र दोन प्रकारांत मिळतं. एक मधल्या हवेसकट आणि दुसरं हवेतली धूळ, वाफ यांचा परिणाम वजा करून. न पुसलेला चष्मा आणि पुसलेला चष्मा. मी अर्थात पुसलेलाच मागितला. छज्जा त्यातही नव्हता.

घर गेलं, तेव्हा मला शेत आठवलं. देपालपूरकडे आमचं वडिलोपार्जित पाच एकर आहे. चुलतभाऊ करतो. तो दर वर्षी दिवाळीच्या तोंडावर फोन करून सांगतो, "दादा, सोयाबीन गेलं." मी दर वर्षी "अरेरे" म्हणतो आणि मनात म्हणतो, जातं कुठे? आता बघू म्हटलं. पाच एकर म्हणजे दोनशे पिक्सेल. माझ्या घराला एक धड नाही आणि त्याच्या शेताला दोनशे!

भाचीनं शेताची सीमा आखली आणि 'एनडीव्हीआय'चा आलेख काढला. कृती सोपी: अवरक्तातून लाल वजा करायचा आणि दोघांच्या बेरजेनं भागायचं. जितकं हिरवं भरगच्च, तितका आकडा एककडे. उघड्या जमिनीचा शून्याच्या जरा वर. समोर उंटाची पाठ उभी राहिली, दोन मदारींची. जूनमध्ये पेरणी, ऑगस्टमध्ये पहिली मदार सोयाबीनची. ऑक्टोबरात काढणी, खाली. जानेवारीत दुसरी मदार गव्हाची, आणि मार्च-एप्रिलमध्ये परत काळी जमीन. पावसाळ्यात ढगांमुळे रेघ मधूनमधून तुटलेली, पण गेल्या वर्षीची पहिली मदार ठणठणीत होती. उंचच उंच.

मी लगेच फोन लावला. "काय रे, सोयाबीन गेलं होतं ना? मी इथे वरून बघून राहिलोय. हिरवंगार आहे!"

तिकडे थोडा वेळ शांतता. मग तो म्हणाला, "दादा, हिरवंच होतं. अफलन झालं. झाड कमरेइतकं आणि शेंग एक नाही. तुझ्या उपग्रहाला शेंग दिसून राहिली का?"

मी भाचीकडे पाहिलं. तिनं मान हलवली. पानं दिसतात, शेंगा दिसत नाहीत. मी फोनवर "अरेरे" म्हटलं, यंदा मनापासून.

एवढ्यात भाऊसाहेब भिंतीवरून डोकावले. "काय चाललंय, भिया?" सरकारी नोकरीत नकाशांत जन्म गेलेला माणूस. उपग्रहाचं नाव काढताच सरळ आत आले. भाचीनं त्यांना सगळा इतिहास ऐकवला. अमेरिकेचा पहिला लँडसॅट १९७२ चा. पुढे लँडसॅट-७ च्या एकेका दृश्याला सहाशे डॉलर मोजावे लागत, २००८ पासून ते फुकट झालं. आपला आयआरएस-१ए हा १७ मार्च १९८८ ला बैकानूरहून सोडलेला. त्याचा बारीकातला बारीक पिक्सेल छत्तीस मीटरचा. आणि २००९ च्या ऑगस्टमध्ये इस्रोचं 'भुवन' आलं, हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राचं.

"आपलं असताना परक्याचं कशाला?" भाऊसाहेब म्हणाले. मग भुवन उघडलं. त्यात कार्टोसॅट-१ या उपग्रहाचं काम अडीच मीटरचं, म्हणजे अकरा छज्जे. प्रगती होती. मी ही गोष्ट भाऊसाहेबांना सांगितली नाही.

त्यांनी मात्र वेगळंच काही मागितलं. "देवगुराडिया दाखव, बेटा." कचऱ्याचा डोंगर! इंदुरात वाढलेल्या कुणालाही त्याचा वास डोळे मिटून ओळखता आला असता. दोन चित्रं शेजारी ठेवून मधली दांडी सरकवता येते. डावीकडे २०१६, उजवीकडे २०२०. शंभरेक एकरांचा, तेरा लाख टन जुन्या कचऱ्याचा तो ढीग इकडून तिकडे दांडी सरकवली की नाहीसा होत होता. दहा मीटरच्या चौकोनांतही चार हजार पिक्सेलांचा फरक. भाऊसाहेबांनी दांडी सात-आठ वेळा इकडेतिकडे केली. डोंगर गेला, आला, गेला. "देशात पहिला नंबर फुकट नाही आला," ते म्हणाले. त्यांनी स्वतः एक टोपली उचलल्यासारखा चेहरा केला होता. माझाही तसाच झाला असावा.

शेवटी भाचीनं मे महिन्याचा उष्णतेचा थर लावला. हा लँडसॅटचा. त्याचं तापमापक शंभर मीटरचं, म्हणजे आमची अख्खी गल्ली, मागची गल्ली आणि गणपतीचं देऊळ मिळून एक ताप. सिरपूर तलाव निळा गार. शहराबाहेरची नांगरून उघडी पडलेली काळी शेतं सकाळच्या त्या वेळेला आमच्याइतकी किंवा जास्तच तापलेली. आणि आम्ही भगवे. सौभाग्यवती म्हणाल्या, "गच्चीला चुना मारा म्हणून मी तीन वर्षं सांगून राहिले." हे मात्र कोणत्याही उपग्रहाच्या आधीचं निरीक्षण आहे.

"चुना मारला तर यात दिसेल?" मी विचारलं.

"उष्णतेच्या थरात एका घराचं नाही दिसणार. पण दहा मीटरच्या चित्रात पिक्सेल उजळेल. फक्त," भाची थांबली, "पूर्ण उजळायला हवा असेल तर दोन्ही गच्च्या."

भाऊसाहेबांनी कागद ओढून घेतला आणि माझा हिशेब तपासला. साठ-चाळीस. मग त्यांच्या लक्षात आलं, की त्यांचे उरलेले दोन मीटर पलीकडच्या शेजाऱ्याच्या पिक्सेलात आहेत, आणि त्या माणसाशी त्यांचं बोलणं नाही. त्यांचा चेहरा पडला. "माझं घर दोन पिक्सेलांत फाटलंय," ते हळूच म्हणाले. अकरा वर्षांत पहिल्यांदा मला त्यांची दया आली.

पुढच्या रविवारी दोन्ही गच्च्यांना चुना लागला. चुन्याचा खर्च साठ-चाळीस. भाऊसाहेब आपल्या कुंचल्यानं छज्ज्यावरही दोन हात मारत होते. मी काही बोललो नाही, कारण तो चुना माझाच पिक्सेल उजळणार होता. मंगळवारी उपग्रहाची पाळी होती. अकराच्या सुमारास आम्ही दोघे चहाचे कप घेऊन गच्चीवर उभे राहिलो. वर काही दिसत नाही, हे माहीत असूनही. दोन दिवसांनी भाचीचा फोन आला: टाइलवर तीन टक्के ढग. ते तीन टक्के कुठे होते, हे सांगायची गरज नाही.

त्यानंतरच्या रविवारी आकाश निरभ्र होतं. पिक्सेल उजळला आहे. आजूबाजूच्या भुरकट चौकोनांत तो एकटा पांढुरका दिसतो, आणि भाऊसाहेबांनी त्याचं चित्र छापून आपल्या दिवाणखान्यात लावलं आहे. छज्जा अजून नऊ इंच आत आहे.